‘ए’शेजारचा भाडेकरू

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर कीबोर्डची बटणं बदलणं’. त्याच्याकडे येतोच. पण आधी एका बटणाबद्दल मनात साचलंय ते बोलू द्या. घरी कोणी ऐकून घेत नाही.

डाव्या करंगळीपाशी, ‘ए’ला खेटून, कॅप्स लॉक आहे. कीबोर्डवरची मोक्याची जागा ती, आणि मुळात ती कंट्रोलची. १९६३च्या टेलिटाइप मॉडेल ३३वर, म्हणजे कागदावर छापणाऱ्या जुन्या टर्मिनलवर, कंट्रोल तिथेच होतं. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीवरही तिथेच, आणि आयबीएमच्याच १९८४च्या ‘एटी’ पीसीवरसुद्धा. मग १९८६च्या सुमारास १०१ बटणांचा कीबोर्ड आला. कंट्रोलची रवानगी खालच्या कोपऱ्यात झाली आणि कॅप्स लॉक पागडीच्या भाडेकरूसारखं वर येऊन बसलं, ते आजतागायत उठलेलं नाही. (हशा) हसताय म्हणजे सभागृहात वाड्यांचे मालक बरेच दिसतात.

बरं, आपल्याला त्याचा उपयोग काय? देवनागरीत मोठं अक्षर-छोटं अक्षर ही भानगडच नाही. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत ‘क’चा ‘ख’ करायला शिफ्ट लागतं, ते ठीक. पण सलग ख-घ-छ-झ लिहीत सुटायची वेळ कुणावर येते?

आता आमच्या कॉलेजची गोष्ट. नाव सांगत नाही, इथे दोन-तीन माजी विद्यार्थी बसलेत. नव्वदचं दशक. लिनक्सच्याच घराण्यातल्या जुन्या युनिक्सवर चालणारं एक मशीन आणि त्याला जोडलेले टर्मिनल, म्हणजे नुसते पडदा आणि कीबोर्ड. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, एसीत धूळ नको म्हणून. देवळात जेवढी शांतता नसेल तेवढी तिथे. एके दिवशी एका टर्मिनलवर कुणाचा तरी कॅप्स लॉक लागलेला राहिला आणि पुढच्या मुलाने लॉगिनचं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलं. पासवर्डही तसाच. तरी आत गेला! आणि मग मशीन ओरडायलाच लागलं. प्रत्येक ओळ कॅपिटलमध्ये. फाइलींची नावं कॅपिटल, चुकांचे संदेश कॅपिटल. कॅप्स लॉक काढलं तरी पडद्यावर कॅपिटलच. लॅबचे सर आले, पडदा पाहिला आणि म्हणाले, “व्हायरस! सगळे बाहेर!” आम्ही सगळे चपला शोधत बाहेर. सरांनी मशीन बंद केलं. त्यावर दुसऱ्या वर्गाची परीक्षा चालू होती, ती गेली. नोटिस लागली, फ्लॉपी बंदी झाली, आणि त्या मुलाला बरेच दिवस सगळे ‘जंतू’ म्हणायचे.

व्हायरस वगैरे काही नव्हता. मघाशी सांगितलं ते मॉडेल ३३, त्याला छोटी अक्षरं छापताच येत नसत. म्हणून जुन्या युनिक्सची समजूत अशी की, लॉगिनचं नाव अख्खं कॅपिटलमध्ये आलं म्हणजे समोर तसलंच बिचारं यंत्र आहे. मग ते आलेली अक्षरं आत छोटी करून घ्यायचं आणि बाहेर मोठी करून पाठवायचं. म्हणून पासवर्ड चालला. टर्मिनलच्या सवयी बदलणारी एक ‘एसटीटीवाय’ कमांड दिली असती तर परीक्षा वाचली असती. लिनक्सच्या ‘एगेटी’मध्ये, म्हणजे लॉगिनचं नाव विचारणाऱ्या प्रोग्राममध्ये, ही सोय अजून आहे, फक्त मागितल्याशिवाय मिळत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुख्य विषय. कन्सोल म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबल्यावर येतो तो काळा पडदा. तिथे बटण दाबलं की कीबोर्ड स्कॅनकोड, म्हणजे बटणाचा कच्चा आकडा, पाठवतो, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचा कीकोड हा बटणाचा क्रमांक करतो, आणि त्या कीकोडचा अर्थ काय हे कर्नलमधला कीमॅप नावाचा तक्ता ठरवतो. आपण तक्ता बदलायचा. नेहमीच्या पीसी कीबोर्डवर कॅप्स लॉकचा कीकोड ५८, डाव्या कंट्रोलचा २९. खात्री हवी तर ‘शोकी’ ही कमांड चालवून बटण दाबा. त्यातून बाहेर कसं पडायचं म्हणून घाबरू नका, १० सेकंद हात लावला नाही की ते आपोआप थांबतं.

‘डम्पकीज’ कमांडने आत्ताचा तक्ता फाइलमध्ये काढून ठेवा. मग नव्या फाइलीत त्याच तक्त्यातली ‘कीमॅप्स’वाली ओळ, आणि तिच्याखाली ‘कीकोड ५८ = कंट्रोल’. ही ‘कीमॅप्स’ची ओळ लोक गाळतात, ती असू द्या, म्हणजे शिफ्ट-ऑल्टच्या जोडीनेही बटण कंट्रोलच राहतं. रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकारी, होऊन ती फाइल ‘लोडकीज’ कमांडला द्या. झालं. बदल सगळ्या कन्सोलना एकदम लागतो, रीबूट केलं की जातो. कायमचा हवा तर डेबियन या लिनक्सच्या अवतारावर ‘इटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट/कीबोर्ड’ फाइलीत ‘कंट्रोल:नोकॅप्स’ हा पर्याय लिहा आणि ‘सेटअपकॉन’ चालवा. मशीन सुरू करायला ‘सिस्टमडी’ वापरणाऱ्या इतर बऱ्याच लिनक्सवर ‘व्हीकन्सोल’ची फाइल.

ग्राफिकल डेस्कटॉपचा तक्ता निराळा, त्याला ‘लोडकीज’चं काही कळत नाही. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, दुसऱ्या मशीनवर जाऊन लोडकीज चालवूनही तुमचं बटण बदलणार नाही, कारण कीबोर्ड तुमच्या टेबलावर आहे. आणि कन्सोलवर मराठी? व्हीजीए टेक्स्टमध्ये, म्हणजे पीसीच्या जुन्या अक्षरी पडद्यावर, एका वेळी फार तर ५१२ आकृत्या, एका चौकटीत एक. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तिथे कशी बसवणार? तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आयोजकांनी ऐकावं.

हो, एक राहिलं. प्रयोग करताना एंटरच गमावलात तर कंट्रोल-एम दाबा, कन्सोलच्या लेखी ते एंटरच. मग ‘लोडकीज’ला ‘-डी’ द्या, डिफॉल्ट तक्ता परत येतो. बाकीचे प्रश्न चहाच्या टेबलापाशी.