बापानंतर मुलगा? अनुराधपूरची गादी अशी चालत नव्हती!

नमस्कार मंडळी! श्रीलंकेतल्या सिगिरिया किल्ल्याच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "काश्यप हा राजाचाच मुलगा, मग गादीवर बसला तर बिघडलं कुठे?"

गोष्ट भरभर सांगतो. पाचवं शतक. राजधानी अनुराधपूर. कलावेवा तलाव बांधणारा राजा धातुसेन. काश्यपाने सेनापती मिगाराला हाताशी धरून बापाला कैद केलं, मारलं. भाऊ मोग्गल्लान दक्षिण भारतात निसटला. काश्यपाने सिगिरियाच्या कड्यावर राजधानी नेली आणि १८ वर्षं राज्य केलं. मग मोग्गल्लान फौज घेऊन परतला, काश्यप हरला.

आता मुद्दा. 'बापानंतर मुलगा' हे आधी डोक्यातून काढा. सिंहली राजघराण्यात गादी थोरल्याकडून धाकट्या भावाकडे जायची. भाऊ संपले की थोरल्या भावाचा मुलगा. पुन्हा सांगतो: आधी भाऊ, मग पुतण्या.

वट्टगामणी अभय बघा. भाऊ खल्लाटनाग याला त्याच्याच सेनापतीने मारलं. वट्टगामणीने त्या सेनापतीला संपवलं, इ.स.पू. १०३ मध्ये राजा झाला, लगेच तमिळ आक्रमणात राज्य गेलं. चौदा वर्षं रानावनात काढून त्याने ते परत जिंकलं. एवढं करून त्याच्यामागे गादी कुणाला? खल्लाटनागाच्या मुलाला, महाचूलीला! वट्टगामणीचा सख्खा मुलगा चोरनाग तोवर बंडखोर होऊन फिरत होता. महाचूली गेल्यावरच त्याला गादी मिळाली.

सातव्या शतकातला मानवम्म घ्या. त्याच्यामागे त्याचे तीन मुलगे, अग्गबोधी, काश्यप आणि महिंद, एकामागून एक राजे झाले. (हा काश्यप वेगळा बरं का, तिसरा.) भाऊ, भाऊ, भाऊ. त्यानंतर पुतणे.

"रानटीच होते सगळे," असं एकाने लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. वयात आलेला, लढू शकणारा माणूस गादीवर बसावा, ही सोय या रिवाजात आहे. अडचण पुढच्या पिढीत येते. प्रत्येक चुलत भावाचा बाप कधी ना कधी राजा होऊन गेलेला, म्हणून प्रत्येकालाच हक्क वाटतो.

काश्यपाच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे, ती म्हणजे आई. मोग्गल्लानची आई राजकुळातली, काश्यपाची नाही. म्हणून मान मोग्गल्लानचा. आणि मिगाराला विसरू नका! तो धातुसेनाचा भाचा आणि जावई. त्याने बायकोला चाबकाने मारलं, म्हणून धातुसेनाने त्याच्या आईला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला, जाळून मारलं. मिगाराला त्याचा सूड घ्यायचा नसता, तर काश्यपाला सेना मिळाली असती का? मला शंका आहे.

पुढच्या भागात मानवम्म कांचीच्या पल्लव राजांच्या बाजूने 'वल्लभा'विरुद्ध लढला, ती हकीकत. इतिहासकार या वल्लभाला चालुक्य राजा दुसरा पुलकेशी मानतात, ज्याच्या राज्यात आपला महाराष्ट्रही होता.