टाँटाइन पार्कवरची पाटी

आज स्कॉटलंडमधल्या ज्या जुन्या फुटबॉल टीम्सबद्दल बोलणार आहे त्यातली जवळजवळ एकही आता खेळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला टीम्सपेक्षा त्यांच्या मैदानांबद्दल जास्त बोलायचंय, कारण कप कोणी जिंकला, स्कोअर काय झाला हे कुठे ना कुठे छापलेलं सापडतं, पण मैदान नेमकं कुठे होतं, गावातून कुठल्या वाटेने तिथे जायचे, लोक कुठल्या बाजूला उभे राहायचे हे कोणी लिहून ठेवत नाही, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या वायव्येला लीव्हन नावाची एक छोटी नदी आहे. लॉक लोमंड या तलावातून निघते आणि डम्बार्टनला क्लाइड नदीला मिळते, सगळी मिळून दहा-एक किलोमीटर. या नदीचं पाणी कापड रंगवायला आणि धुवायला चांगलं, म्हणून एकोणिसाव्या शतकात काठावर रंगाईचे कारखाने उभे राहिले. टर्की रेड नावाचा पक्का लाल रंग ही त्यांची खासियत. आणि हे कापड जायचं कुठे माहितीय? बरंचसं आपल्याकडे! मोराच्या नक्षीचं लाल कापड, गठ्ठ्यांवर देवादिकांची चित्रं असलेली रंगीत लेबलं, हे सगळं त्या खोऱ्यातून मुंबईच्या बंदरात उतरायचं. म्हणजे त्या खोऱ्यातल्या रेंटन गावच्या कामगाराने दिवसभर रंगवलेलं कापड इथे कोणीतरी नेसत होतं आणि तोच माणूस शनिवारी फुटबॉल खेळत होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते गाव एकदम जवळचं वाटायला लागलं.

तर या खोऱ्यात 1872 मध्ये तीन क्लब निघाले. डम्बार्टन गावात डम्बार्टन, अलेक्झांड्रिया गावात व्हेल ऑफ लीव्हन आणि मधल्या रेंटन गावात रेंटन. त्याआधी इथली पोरं शिंटी खेळायची, काठीने चेंडू मारायचा जुना स्कॉटिश खेळ. पळायची सवय होतीच. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1873 ला, स्कॉटिश कप सुरू झाला आणि पहिल्याच दिवशीच्या मॅचमध्ये रेंटनने किल्मार्नॉकला 2-0 हरवलं.

आणि मग जे झालं ते बघा. 1877 ते 1888 ही बारा वर्षं घ्या. बारा कप. त्यातले सहा या एका खोऱ्यात आले. व्हेल ऑफ लीव्हनने 1877, 78, 79 असे सलग तीन, डम्बार्टनने 1883 ला एक, रेंटनने 1885 आणि 1888 ला. 1885 च्या फायनलला तर दोन्ही बाजूंना खोऱ्यातलीच गावं होती, रेंटन आणि व्हेल ऑफ लीव्हन, पहिली मॅच बरोबरीत सुटली, दुसरीत रेंटन 3-1 ने जिंकलं. शेजारची दोन गावं, पायी जाण्याच्या अंतरावर, आणि देशाचा कप कोणाकडे जाणार ते यांच्यात ठरतंय. त्या आठवड्यात कारखान्यात काय वातावरण असेल याची मी खूप वेळा कल्पना केलीय.

1888 ला रेंटनने केंबस्लँगला फायनलमध्ये 6-1 हरवलं. केंबस्लँग हेही ग्लासगोबाहेरचं एक खेडंच, त्यांचा क्लब 1897 ला बंद पडला, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम नाव घेतोय. मग 19 मे 1888 ला रेंटनची मॅच लागली वेस्ट ब्रॉमविच अल्बियनशी, म्हणजे त्या वर्षी इंग्लंडचा एफए कप जिंकलेल्या टीमशी. ग्लासगोला, हॅम्पडेन पार्कवर. आजचं हॅम्पडेन नाही, त्याच्या आधीचं, त्या जागेकडे मी शेवटी परत येणार आहे. विजांचा कडकडाट, धो धो पाऊस, मैदानाचा चिखल झालेला. त्या काळी पेनल्टी नव्हती आणि गोलपोस्टला जाळीही नव्हती, दोन्ही गोष्टी 1891 मध्ये आल्या, म्हणजे बॉल पोस्टच्या आतून गेला की बाहेरून हे भर पावसात डोळ्यांनीच ठरवायचं. रेंटन 4-1 ने जिंकलं.

दुसरा कुठला देश तेव्हा एवढं संघटित फुटबॉल खेळतच नव्हता. स्कॉटलंडचा विजेता आणि इंग्लंडचा विजेता एकमेकांशी खेळले, मग जो जिंकला तो जगात पहिला, असा साधा हिशोब. रेंटनकरांनी आपल्या टाँटाइन पार्क मैदानावरच्या पॅव्हिलियनवर पाटी लावली, 'चॅम्पियन्स ऑफ द वर्ल्ड'. काही लोक हे सांगताना हसतात. मला हसू येत नाही, तो हिशोब त्या दिवशी बरोबरच होता.

पण त्या मॅचनंतर फक्त नऊ दिवसांनी, 28 मे ला, ग्लासगोमध्ये सेल्टिक नावाचा नवीन क्लब पहिली मॅच खेळला आणि त्यांचा पहिला गोल मारला नील मॅकॅलमने. कोण हा? रेंटनच्या कप जिंकलेल्या टीममधला. जेम्स केलीही रेंटनचाच, तोही सेल्टिकला गेला. जॉनी कॅम्पबेल इंग्लंडात संडरलँडला गेला आणि तिथे तीन वेळा लीगचा टॉप स्कोअरर झाला. इंग्लंडमध्ये 1885 पासून खेळाडूला उघडपणे पैसे देता येत होते, स्कॉटलंडमध्ये 1893 पर्यंत बंदी, त्यामुळे चांगल्या पोराला गावात धरून ठेवायचं तर कशाच्या जोरावर? रंगाईच्या हौदापाशी उभं राहण्यापेक्षा खेळून पगार मिळत असेल तर कोणीही जाईल, गेलेल्यांना मी अजिबात दोष देत नाही.

आता यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. 1890 मध्ये स्कॉटिश लीग काढायची म्हणून बाकीच्या क्लब्जना पत्रं कोणी पाठवली? रेंटनच्या सेक्रेटरीने. लीग सुरू झाली अकरा क्लब्जची, त्यात रेंटन, व्हेल ऑफ लीव्हन, डम्बार्टन, केंबस्लँग सगळे होते, आणि पाच मॅचेस झाल्यावर रेंटनलाच काढून टाकलं. कारण काय तर खेळाडूंना गुपचूप पैसे देते म्हणून बंदी घातलेल्या एडिनबरोच्या एका टीमशी, ती दुसऱ्या नावाने आली असताना, रेंटन मैत्रीपूर्ण मॅच खेळले. पुढच्या सीझनला परत घेतलं खरं, पण घडी बसली नाही. लीग म्हणजे दर आठवड्याला ठरलेली मॅच, प्रवासाचा खर्च, आणि उत्पन्न म्हणजे गेटवर जमेल तेवढं. शहरातल्या क्लबच्या गेटवर हजारो लोक येणार, खेड्यात गाव अख्खं आलं तरी ते गावच. व्हेल ऑफ लीव्हनला 1891-92 च्या सीझनमध्ये 22 पैकी एकही मॅच जिंकता आली नाही, ते लीगमधून बाहेर पडले. तीन कप सलग जिंकलेली टीम! रेंटनने 1897 मध्ये सीझन अर्धवट सोडून लीगला रामराम केला आणि 1922 ला क्लब बंद झाला. व्हेल ऑफ लीव्हनचा मूळ क्लब 1929 ला गेला. डम्बार्टन तेवढा टिकला. आणि टाँटाइन पार्क? तिथे आता घरं आहेत.

ग्लेनबकची गोष्ट वेगळी आहे, तिथे मैदानाबरोबर गावच गेलं. एअरशायरमधलं कोळसा खाणीचं छोटंसं खेडं, टीमचं नाव ग्लेनबक चेरीपिकर्स. या एवढ्याशा गावाने पन्नासच्या आसपास व्यावसायिक खेळाडू दिले असं मानतात. 1901 च्या एफए कप फायनलला टॉटनहॅमसाठी गोल मारणारा सँडी ब्राऊन इथला. बिल शँकली, ज्याने पुढे लिव्हरपूल घडवलं, तो 1913 ला इथेच जन्मला, पाच भाऊ, पाचही जण व्यावसायिक फुटबॉल खेळले. बिल चौदाव्या वर्षी खाणीत कामाला लागला, खाणी बंद पडत गेल्या, आणि तो ऐन खेळायच्या वयात आला तेव्हा, 1931 ला, चेरीपिकर्स संपले. लोक कामाच्या मागे निघून गेले, घरं पडली आणि नंतर उघड्या खाणकामाने उरलंसुरलं गाव उकरून नेलं. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी तिथे शँकलीसाठी एक काळा दगड उभा केलाय. अलीकडे गावाच्या आठवणीसाठी ती जागा पुन्हा नीट केलीय, लोक लांबून जातात. शँकली झाला नसता तर कोणी गेलं असतं का, हा प्रश्न मला पडतो, कारण असं कोणी मोठं नाव न झालेली खाणीची गावं कितीतरी आहेत.

अशी मैदानं शोधायची तर एक सोपा मार्ग आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे ऑनलाइन टाकलेत, आजच्या सॅटेलाइट फोटोवर ते ठेवून बघता येतात. मोठ्या स्केलच्या नकाशांवर बऱ्याच ठिकाणी 'फुटबॉल ग्राउंड' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी रात्र रात्र बसलोय त्यावर. एखाद्या शेडवर, पार्किंगवर नाहीतर घरांच्या ओळीवर ती अक्षरं येऊन थांबतात आणि मग त्या भागातली जुनी माणसं काय सांगतात ते ऐकावंसं वाटतं.

आता हॅम्पडेन. 1903 मध्ये क्वीन्स पार्क क्लब नव्या हॅम्पडेनला गेला आणि जुनी जागा थर्ड लॅनार्कने घेतली, नाव दिलं कॅथकिन पार्क. हा शहरातला क्लब, तोही 1872 चाच. 1904 ला लीग जिंकलेला. 1960-61 ला लीगमध्ये या टीमने 34 मॅचेसमध्ये 100 गोल केले आणि त्यानंतर सहाच वर्षांत, 1967 ला, क्लब दिवाळखोरीत बंद. पण मैदानावर बांधकाम झालं नाही, ते आज सार्वजनिक पार्क आहे. तीन बाजूंच्या काँक्रीटच्या पायऱ्या अजून आहेत, लोकांनी रेलायचे लोखंडी बार आहेत, आणि पायऱ्यांच्या मधून झाडं वाढलीत, चांगली उंच. खाली मैदानावर मॅचेस होतात.

मी गेलो तेव्हा पाऊस होता. बहुतेक लोक तिथे थर्ड लॅनार्कसाठी येतात, तशी पाटीही आहे. मी वरच्या पायरीवर उभा राहून रेंटनचा विचार करत होतो, कारण 19 मे 1888 ची मॅच याच जागेवर झाली. रेंटनचं स्वतःचं मैदान घरांखाली गेलं, पण ती टीम ज्या जागी जगात पहिली ठरली ती जागा उघडी आहे, गेट नाही, तिकीट नाही. खाली तीन पोरं त्या चिखलात एकाच गोलपोस्टवर शॉट मारत होती आणि बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर भांडत होती, जाळी नव्हती.