सैतानाच्या नावाची अळंबी

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात वारुळावर उगवलेली अळंबी ज्यांनी घरी निवडली आहे, त्यांना छत्रीच्या खालचे पातळ पडदे ठाऊक असतील. आजच्या अळंबीला पडदे नाहीत. तिच्या छत्रीखाली स्पंजासारखी बारीक छिद्रे असतात. अशा अळंब्यांना बोलीट म्हणतात, आणि त्यांतली रुब्रोबोलीटस सॅटॅनस ही जात युरोपात चुनखडीच्या जमिनीवर, ओक आणि बीच वृक्षांच्या सावलीत, क्वचितच आढळते.

यातले ‘सॅटॅनस’, म्हणजे सैतान, हे नाव तिला १८३१ मध्ये जर्मन निसर्गअभ्यासक हाराल्ड ओथमार लेंत्स यांनी दिले, आणि त्यामागची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. थ्युरिंगेनमधील श्नेप्फेनटाल येथे शिक्षक असलेल्या या गृहस्थांच्या कानावर ही अळंबी खाऊन आजारी पडलेल्यांच्या हकिकती आल्या होत्या. परंतु त्यांनी स्वतः ती खाल्ली म्हणून नव्हे, तर तिचे वर्णन लिहीत असताना नुसत्या तिच्या वासा-वाफेनेच आपली प्रकृती बिघडली, असे त्यांना वाटले. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी सर्पांवर ग्रंथ प्रसिद्ध करणारा हा धीराचा माणूस टेबलावरच्या अळंबीपुढे हतबल झाला आणि तिला थेट सैतानाचे नाव देऊन मोकळा झाला. जुन्या अळंबीला कुजक्या मांसासारखा दर्प येतो, हे ध्यानात घेतले की लेंत्स यांना हसावेसे वाटत नाही.

आता खुणा. छत्री खडूसारखी पांढुरकी, कधी ३० सेंटिमीटरपर्यंत रुंद. छिद्रे आधी पिवळी, मग रक्तासारखी लाल. देठ फुगीर आणि त्यावर लाल जाळी. कापल्यावर फिकट गर हलकासा निळा होतो. पुन्हा सांगतो, हलकासा निळा. कारण सुइलेलस ल्युरिडस या तिच्या लाल छिद्रांच्या नातलगाचा गर कापताक्षणी गडद निळा होतो आणि त्याची छत्रीही पांढुरकी नसते. एकट्या निळेपणावरून निदान करू नये. पांढुरकी छत्री, लाल छिद्रे, लाल जाळी आणि हलका निळा गर, ही चारही एकत्र हवीत.

विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, ही समजूत मात्र निव्वळ भाकड आहे. ही अळंबी, विशेषतः कच्ची, पोटात गेल्यास तीव्र उलट्या होतात. चमचा तेव्हाही लखलखीतच असतो.