पात्याच्या धारेवर आरसा

अंधारी खोली. स्टँडवर १५० मिलिमीटर व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, दुर्बिणीसाठी घासून बनवलेला आरसा उभा आहे. त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा अजून चढलेला नाही. कोऱ्या काचेवरून जेमतेम चार टक्के प्रकाश परततो, पण या चाचणीला तेवढा पुरतो.

आरशापासून २४०० मिलिमीटरवर, म्हणजे वक्रताकेंद्रापाशी (आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे, त्याच्या मध्यापाशी), एक एलईडी, तिच्यापुढे बारीक फट आणि शेजारी दाढीचं पातं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिऑन फूकोनं १८५८ मध्ये शोधलेली, आरशाचा आकार तपासायची ही पद्धत.

डोळा पात्यामागे न्या. आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता पातं हलकेच आत सरकवा. पातं आरशाकडे जास्त गेलं असेल, तर सावली त्याच्याच बाजूनं येते. मागे राहिलं असेल, तर समोरच्या बाजूनं. बरोबर केंद्रावर असेल, तर गोलीय आरसा एकदम सगळा काळवंडतो.

दुर्बिणीला मात्र गोलाऐवजी पॅराबोला, म्हणजे दूरचे किरण एकाच बिंदूत आणणारा आकार हवा. मध्यावर जुळवले, तर या आरशाच्या काठाशी दोन्ही आकारांत ०.३ मायक्रॉनचाही फरक नाही. पण पात्यापाशी तोच फरक मोठा होऊन दिसतो: दिवा आणि पातं एकत्र सरकत असतील, तर मध्य आणि काठ यांच्या रीडिंगमध्ये सुमारे १.२ मिलिमीटर अंतर यायला हवं. दिवा स्थिर असेल, तर दुप्पट. पुठ्ठ्याला खिडक्या कापून तो आरशापुढे धरा, समोरासमोरच्या दोन खिडक्या सारख्याच करड्या झाल्या की मायक्रोमीटर वाचा. मध्यापासून काठापर्यंतचा प्रत्येक गोल पट्टा निदान चार-पाचदा मोजून सरासरी घ्या.

आता आरशावर काही सेकंद बोट टेकवून उचला. तिथे टेंगूळ दिसतंय? बोटाच्या उबेनं काच फुगली आहे. पॉलिश करतानाही आरसा असाच तापतो, म्हणून पाच मिनिटं घासल्यावर तासभर थांबायचं. गरम आरशाची रीडिंग घेऊन केलेली दुरुस्ती चांगला आकारही बिघडवते.

सर्वांत चिवट दोष म्हणजे खाली वळलेला काठ. पिच (पॉलिशच्या टूलवरचा, म्हणजे घासायच्या चकतीवरचा, डांबरासारखा थर) फार मऊ असलं किंवा स्ट्रोक, म्हणजे घासण्याचे हात, लांब पडले, की तो होतो. पिच थोडं कडक घ्या, टूल आरशावर नीट दाबून बसवा, सिरियम ऑक्साइडच्या पॉलिश पावडरीनं आखूड स्ट्रोक मारा. मध्य आणि काठाच्या रीडिंगमधला फरक १.२ मिलिमीटरच्या पुढे गेला असेल, तरी आखूड स्ट्रोकनंच गोलाकडे परत यायचं आणि पुन्हा पॅराबोला करायचा.

पृष्ठभागाची चूक ७० नॅनोमीटरच्या आत हवी, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतकी. आणि एकाच चाचणीवर विसंबू नका. हबल या अवकाश दुर्बिणीच्या आरशाची मुख्य चाचणी करणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी दाखवलेली चूक बाजूला ठेवली गेली.

मुलामा चढल्यावर, आरसा हवेइतका थंड झाला की, दुर्बीण ध्रुवताऱ्यावर लावा. फोकस थोडा नाभीच्या आत आणि मग बाहेर नेला, की ताऱ्याभोवती दिसणारी प्रकाशाची कडी दोन्हीकडे सारखीच दिसायला हवीत. आतल्या बाजूला त्यांची कड केसाळ दिसली, तर काठ अजून वळलेला आहे.