मुंबई पाहायची ती ओव्हल मैदानावर उभं राहून

(अमळनेर येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आपल्याकडून मुंबईला न गेलेलं घर शोधून सापडायचं नाही. कुणी दवाखान्यासाठी जातं, कुणी मंत्रालयात कागद घेऊन, कुणी लग्नाला. काम आटोपलं की उरलेल्या दिवसात मुंबई दर्शनाची गाडी ठरते. सकाळी सिद्धिविनायक, मग महालक्ष्मी, हाजी अली लांबून, एखाद्या नटाचा बंगला, सी लिंक, संध्याकाळी चौपाटीवर भेळ आणि रात्रीची परतीची गाडी. घरी आल्यावर ‘मुंबई देखी उनूत’ म्हणून सांगायला आपण मोकळे. त्या दिवसातला निम्मा वेळ सिग्नलला गेलेला असतो. मला आज एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी अगदी कळकळीनं सांगतो: मुंबईत पाहण्यासारखं जे सगळ्यात भारी आहे, त्याच्याशी खान्देशाचं नातं आहे. ते ठाऊक असलं की तिथल्या दगडाकडे बघण्याची आपली नजरच बदलते.

सुरुवात आपल्या कापसापासून करू. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडून येणारा कापूस बंद पडला. त्या गिरण्या हिंदुस्थानाकडे वळल्या. खान्देश, वऱ्हाड, गुजरात, काठेवाड, जिथे म्हणून कापूस होता तिथून तो मुंबई बंदराकडे निघाला. आपल्याकडचा माल आधी बैलगाड्यांनी घाट उतरत होता. पुढे त्याच दशकात रेल्वे थळ घाट चढून इकडे आली आणि गाठी डब्यांतून जाऊ लागल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या, शेअरचे भाव आभाळाला टेकले. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. कापसाचा भाव पडला की काय होतं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

त्या तेजीतले सगळ्यात मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी त्यांनी पैसा दिला, आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. तोच राजाबाई टॉवर, 1878 मध्ये पूर्ण झालेला. त्याचा आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते कधी मुंबईला आलेही नव्हते. मनोऱ्यावर नीट मान वर करून पाहा. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांची माणसं आपापल्या पगडी-पेहरावासह दगडात उभी आहेत. त्या पैशात आपल्या काळ्या जमिनीतल्या कापसाचाही वाटा होता. किती, ते मोजता यायचं नाही; पण होता.

आता ओव्हल मैदानाच्या मधोमध या. दुपार टाळा, चार-साडेचारला या. पूर्वेकडे तोंड केलंत तर उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर अशी टोकदार कमानींची गॉथिक रांग दिसते, एकोणिसाव्या शतकातली. तिथेच वळून पश्चिमेकडे पाहिलंत तर गोलाईच्या गॅलऱ्या आणि फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती, 1930 च्या आसपासच्या. मध्ये फक्त मैदान, आणि त्यावर पोरांचं क्रिकेट. दोन वेगळ्या काळांतली मुंबई अशी समोरासमोर उभी राहिलेली दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. युनेस्कोनं 2018 मध्ये या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इथे यायला तिकीट लागत नाही. आणि मुंबई दर्शनाची गाडी इथे थांबत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तर जळगाव-भुसावळची मंडळी उतरतातच. नंदुरबार-अमळनेरकडची मंडळी सुरत मार्गे जातात, त्यांनी मुद्दाम वाट वाकडी करावी. आपण काय करतो? उतरलो की पिशव्या सांभाळत टॅक्सीकडे धावतो. तसं करू नका. बाहेर या, महापालिकेच्या बाजूला रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत 1878 पासून सुमारे दहा वर्षं बांधली जात होती. घुमटावर प्रगतीची मूर्ती आहे. दाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, म्हणजे इंग्लंड आणि हिंदुस्थान. माकडं, मोर, पानंफुलं हे कोरीवकाम करताना जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. आजही मध्य रेल्वेचं मुख्यालय इथेच आहे, म्हणजे आपल्या भुसावळ विभागाचा कारभार इथून चालतो. लोकलचं तिकीट काढायच्या दालनात गेलात तर छताकडे पाहायला विसरू नका.

तिथून हुतात्मा चौकापर्यंत पायी जाता येतं. फ्लोराच्या कारंज्याचे फोटो सगळे काढतात. शेजारी हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, त्यांच्यापाशीही थांबा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 21 नोव्हेंबर 1955 ला याच भागात गोळीबार झाला होता. कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा असे ते दोघे शेजारी-शेजारी आहेत. प्रताप मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरातली घड्याळं लावली जात, त्या अमळनेरकरांना यापुढे काही सांगावं लागू नये.

आता ज्या जागेसाठी मी वेळ मागून घेणार आहे ती. गिरगाव चौपाटीपासून फार लांब नाही, ऑगस्ट क्रांती मैदान. पूर्वीचं गोवालिया टँक. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री काँग्रेसच्या बैठकीत ‘छोडो भारत’चा ठराव इथे मंजूर झाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांची धरपकड झाली. बरोबर महिन्याने, 9 सप्टेंबरला, नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशीधर, घनश्याम ही मुलं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. मुंबईच्या त्या मैदानावर जे बोललं गेलं, ते आपल्या पोरांनी छातीवर झेललं. आपल्या शाळांच्या सहली मुंबईला जातात आणि वॉटर पार्कमध्ये दिवस काढून येतात. मास्तरांनो, बाईंनो, तुम्हाला हात जोडून विनंती करतो, अर्धा तास या मैदानावर मुलांना घेऊन जा आणि तिथे उभं राहून त्यांना नंदुरबारची गोष्ट सांगा. जवळच मणिभवन आहे. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईला आले की तिथे उतरत. 1936 ला आपल्या फैजपूरला ज्यांच्या आग्रहानं खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन झालं, त्या गांधीजींची ही मुंबईतली खोली, चरख्यासह. मुलांना दोन्ही जोडून सांगितलं तर ती विसरणार नाहीत.

घारापुरीबद्दल सगळे विचारतात. ‘लेण्या काय, आपल्याकडे अजिंठा आहे की!’ आहेच. पण अजिंठ्याला आपण रंग पाहायला जातो, घारापुरीला अंधारातून पुढे येणारी तीन मुखांची शिवाची मूर्ती पाहायला. ती साधारण वीस फूट उंच आहे आणि एकाच कातळातून काढलेली. सहाव्या शतकातलं हे काम. गेटवेहून लाँच तासाभरात पोचवते. बंदरावरच्या ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता बेटावर नाही. तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. ते संग्रहालयही छोटं आणि देखणं आहे, दोन्ही एकाच फेरीत होतात. बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि तिथे पावसाचं पाणी साठवायला डोंगरात खोदलेली टाकी मला मूर्तींइतकीच मोलाची वाटतात. पाण्यासाठी वणवण केलेल्या माणसानं ती जरूर पाहावीत.

गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह तुम्ही पाहालच, ते कुणी चुकवत नाही. गेटवेविषयी एकच: पंचम जॉर्ज बादशहा 1911 मध्ये आले तेव्हा ही कमान नव्हतीच, ती 1924 ला पुरी झाली. आणि फेब्रुवारी 1948 मध्ये शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. मला त्या कमानीचं महत्त्व या दुसऱ्या तारखेसाठी वाटतं.

मागून एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे: गुडघे दुखतात, सगळं चालणं होणार नाही, मग काय पाहावं? काका, घारापुरीला धक्क्यापासून छोटी गाडी असते, पायऱ्यांसाठी डोलीही मिळते. तरी जीव घाबरत असेल तर तिथे न गेलेलंच बरं. गेटवेजवळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, 1922 ला लोकांसाठी उघडलेलं. तिथे बसत-उठत अख्खा दिवस जातो. सिंधमधल्या मीरपूरखासच्या बुद्धमूर्ती तेवढ्या नक्की पाहा. संध्याकाळी टॅक्सी करून ओव्हलवर या आणि कडेला बसा. आणि सगळ्यांसाठीच सांगतो, अजिंठ्यासारखीच घारापुरी सोमवारी बंद, कान्हेरीही बंद, राणीची बाग आणि भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद. त्या हिशेबानं रिझर्व्हेशन करा. एका दिवसात सारं उरकायचा हट्ट धरू नका. दोन मुक्काम ठेवा, दशम्या जास्त बांधा.