झाकणासकट

(दृश्य : लाकडी टेबलावर पुठ्ठ्याचा जुना, रिकामा खोका. झाकण बंद.)

या खोक्याचं काम आठवडाभराचं होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नाक्यावरच्या दुकानात ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीचा असा खोका यायचा. आत बेसबॉल कार्डांची पाकिटं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली कार्डं आणि सोबत चघळायचा गम. पाच सेंटवाली असतील तर २४, एका सेंटवाली असतील तर १२०. दुकानदार झाकण मागे दुमडून उभं करायचा, की तीच जाहिरातीची पाटी. पोरं पाकीट घेऊन दारातच फोडायची. गम तोंडात, कार्डं खिशात, वेष्टन पायाखाली. शेवटचं पाकीट विकलं गेलं की खोका कचऱ्यात.

म्हणून त्या काळातली कार्डं आज संग्राहकांना हवी तेवढी बघायला मिळतात, पण ती ज्यातून आली तो खोका शोधावा लागतो. झाकणासकट मिळाला तर नशीबच, कारण जागा अडते म्हणून झाकण फाडून टाकणारे दुकानदार थोडे नव्हते.

सगळीच कार्डं सहज मिळतात असंही नाही. १९५२ च्या टॉप्स संचात ४०७ कार्डं होती. ३११ पासून पुढची मालिका हंगाम सरत आल्यावर बाजारात आली आणि पडून राहिली. कंपनीचे साय बर्गर यांनी १९६० मध्ये तो उरलेला माल बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात टाकून दिला. ३११ क्रमांकाचं कार्ड बेसबॉलपटू मिकी मँटलचं. त्याची एक प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली.

(दृश्य : तीन पाकिटं शेजारी शेजारी.)

पाकिटांचे मुख्य प्रकार तीन. मेणकागदाचं वॅक्स पॅक. पारदर्शक कागदाचं सेलो, ज्यातून वरचं आणि खालचं कार्ड दिसतं. आणि हुकाला टांगायचं, तीन कप्प्यांचं रॅक पॅक. सेलोमध्ये वर नावाजलेला खेळाडू दिसत असेल तर किंमत चढते. नेमकं तेच पाकीट जास्त संशयाने बघावं.

पण खरी डोकेदुखी वॅक्स पॅकची.

(दृश्य : पाकीट उलटं. मागची घडी अगदी जवळून.)

हे १९८६ चं टॉप्स. आत १५ कार्डं आणि गमची एक पट्टी. मागे कागदाची दोन टोकं एकावर एक आली आहेत. इथे डिंक नाही, गोंद नाही. कारखान्यात यावर गरम पट्टी दाबली, कागदावरचं मेण वितळलं आणि थंड होताना टोकं चिकटली. एवढंच कुलूप. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की ते उघडतं. चांगलं कार्ड काढायचं, साधं घालायचं, पुन्हा गरम करून दाबायचं. हा उद्योग इतका वाढला की १९८९ मध्ये अपर डेक कंपनी बाजारात उतरली, तीच फॉइलच्या पाकिटात.

मग ओळखायचं कसं? पाकीट तिरप्या उजेडात धरा. कारखान्याचा दाब एकदाच पडतो, त्यामुळे मेणाची खूण एकसारखी आणि कडेला नेमकी असते. दुसऱ्यांदा गरम केलेलं मेण आजूबाजूला पसरतं आणि कागद तेवढ्यापुरता तेलकट, अर्धपारदर्शक दिसतो. मग घडी बघा. एकदा उलगडलेला कागद पुन्हा त्याच रेषेवर तंतोतंत बसत नाही. जुन्या घडीला चिकटून दुसरी बारीक रेघ दिसली, तर कुणीतरी आत जाऊन आलंय.

पाकीट फुटलेलंच असेल तर गमकडे लक्ष द्या. इतक्या वर्षांनी ती पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. तिचा चौकोनी डाग शेजारच्या कार्डावर उमटतो. पट्टी एकीकडे आणि डाग दुसरीकडे असेल तर प्रश्न विचारायला हवा. मेणाचंही तसंच. कार्डावर मेणाचा डाग नसणं हा पुरावा नाही, डाग भलत्या जागी असणं हा आहे.

कधी कधी इतिहासच साक्ष देतो. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या टॉप्सच्या मक्तेदारीत घुसल्या, गमसकट. त्याच वर्षी कोर्टात अपिलात टॉप्स जिंकली आणि कार्डांबरोबर गम विकायचा हक्क तिच्याकडेच राहिला. तेव्हा १९८२ पासून फ्लीअरने पाकिटात संघांच्या चिन्हांचे स्टिकर घातले आणि डॉनरसने ६३ तुकड्यांच्या बेब रूथच्या कोड्याचे तुकडे. आता कुणी १९८२ च्या फ्लीअर पाकिटातून गम काढून दाखवला, तर पुढे बोलायची गरज नाही. टॉप्सच्या बेसबॉल पाकिटातला गम १९९१ नंतर बंद झाला.

(दृश्य : ३६ पाकिटांचा भरलेला खोका.)

भरलेला खोका घेताना एक चूक सर्रास होते. लोक वरचं चकचकीत प्लास्टिक बघून निर्धास्त होतात. १९८६ च्या टॉप्सच्या वॅक्स खोक्यावर कारखान्याचं प्लास्टिक नव्हतंच. जे दिसतं ते नंतर कुणीतरी चढवलेलं. ते कुणी चढवलं, यावर सगळं अवलंबून. अमेरिकेत बेसबॉल कार्ड एक्सचेंज ही कंपनी खोके तपासून स्वतःच्या छापाच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून देते. अनेक खोक्यांच्या, कारखान्यातून आलेल्या सीलबंद पेटीतून निघालेल्या खोक्यावर तशी वेगळी नोंद असते आणि त्याला जास्त पैसे पडतात.

जास्त का? टॉप्सचा छापील ताव १३२ कार्डांचा, ११ गुणिले १२. कापलेली कार्डं यंत्राने रचली जायची, त्यामुळे पाकिटांमध्ये त्यांचा क्रम पुन्हा पुन्हा तसाच येतो. क्रम पाठ असलेला माणूस दोन-चार पाकिटं फोडून हवं ते कार्ड कुठल्या पाकिटात असेल याचा अंदाज बांधतो, तेवढीच उचलतो आणि जागा दुसऱ्या खोक्यातल्या पाकिटांनी भरतो. प्रत्येक पाकीट अस्सल, एकही उघडलेलं नाही, आणि तरी खोका पोकळ.

खोक्याचा तळही बघा. डॉनरसने १९८५ पासून आणि टॉप्सने १९८६ पासून तळावरच कार्डं छापली. टॉप्सच्या एका तळावर चार, अशी एकूण १६, क्रमांकाऐवजी अक्षरं दिलेली. पोरांनी कात्रीने ती कापून घेतली. न कापलेला तळ म्हणजे पूर्ण खोका. शिकायला याच काळातले खोके घ्यावेत. उत्पादन अफाट झालं, त्यामुळे हात बिघडला तरी खिसा फाटत नाही.

(दृश्य : भिंगाखाली छपाईचे ठिपके.)

रिकाम्या जुन्या खोक्यात धोका नकलेचा. दहापट भिंगाखाली जुन्या छपाईत रंगांचे ठिपके ओळीत, फुलासारखे मांडलेले दिसतात. घरगुती प्रिंटरचे ठिपके धुळीसारखे विखुरतात. अंधारात अतिनील दिवा मारा. गाउडी कंपनीचं १९३३ चं म्हणून विकलं जाणारं वेष्टन निळसर पांढरं चमकलं, तर परत द्या. कागद उजळ करणारी ती रसायनं तेव्हा वापरात नव्हती.

आता ठेवायचं कसं. मेणकागदाच्या सुरकुत्या इस्त्रीने काढायच्या नाहीत. मेण वितळून रंगात शिरतं आणि ते परत निघत नाही. आम्लमुक्त टिश्यूच्या दोन थरांमध्ये वेष्टन ठेवून वर जाड पुस्तकं रचा आणि पंधरा दिवस विसरा. नंतर पॉलिएस्टरच्या पिशवीत. पीव्हीसीची पिशवी टाळा, ती काही वर्षांत चिकट होते. पोटमाळा नको, खिडकीजवळचं शेल्फ नको. लाल रंग उन्हात सगळ्यात आधी उडतो. खोक्यावर जुनी चिकटपट्टी असेल तर ओढू नका, तिच्याबरोबर छपाईचा थर निघून येतो.

(दृश्य : पहिला खोका. दोन हात झाकणाशी.)

आणि झाकण. दुकानात उभं राहायचं तसं ते मागे दुमडून मांडण्याचा मोह होतो. सत्तर वर्षांचा पुठ्ठा आतून वाळलेला असतो आणि घडीवरचा छापील थर आधी तडकतो. त्यामुळे झाकण आता आहे तेवढंच उघडायचं, मागे आम्लमुक्त पुठ्ठ्याचा टेकू द्यायचा, आणि वरून अ‍ॅक्रिलिकची पेटी.