उपवासाला चालतं का?

(पडद्यावर: कढई, तुपात जिरं तडतडतंय)

एकादशीची सकाळ. रात्री भिजवलेला साबुदाणा मस्त फुललाय. दाणा दोन बोटांत दाबला की अलगद मोडायला पाहिजे, आणि भिजवताना पाणी जेमतेम दाण्याच्या वर, नाहीतर कढईत खिचडीचा लगदा ठरलेला. मिरची पडली, बटाटा पडला, आता साबुदाणा आणि वर ओंजळभर दाण्याचं कूट.

आज घरातले सगळे एकदम चौकस. एरवी पुडा फोडला की थेट तोंडात टाकणारा माणूस आज वेफर्सचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतो, मीठ साधं की सैंधव, तेल कुठलं, हळद नाही ना घातली. कोथिंबीर चालते का यावर सासर-माहेर एकमत नाही, कुणाकडे भेंडीसुद्धा चालते. म्हणजे आपण काय खातो ते बघायची आपल्याला सवय नाही असं कुणी म्हणू नये, आहे की, फक्त प्रश्न एकच असतो, चालतं का. किती खायचं आणि पोटात जाऊन त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही, म्हणून तर आपल्याकडे म्हणतात, एकादशी अन् दुप्पट खाशी.

(पडद्यावर: कंदांनी भरलेला ट्रक, मग उन्हात पसरलेला पांढराशुभ्र साबुदाणा)

हा साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. टॅपिओका नावाचा कंद धुवायचा, सोलायचा, कुटून त्याचं दूध काढायचं, खाली बसलेला स्टार्च हलवून हलवून गोळ्या करायच्या, भाजायच्या आणि वाळवायच्या. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आणि गंमत बघा, बटाटा तिकडचा, मिरची तिकडची, शेंगदाणासुद्धा तिकडचाच, म्हणजे आपल्या पारंपरिक खिचडीतलं इकडचं काय तर तूप. जिरं पण तसं बाहेरूनच आलेलं, पण फार जुनं, ते सोडून देऊ.

आता आकडे, थोडेच आहेत. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 कॅलरी, जवळपास सगळा स्टार्च, प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही. त्यात बटाटा म्हणजे स्टार्चमध्ये अजून स्टार्च. खिचडीची लाज राखतं ते दाण्याचं कूट, शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि भरपूर स्निग्धांश, त्यामुळे पोटातून अन्न जरा हळू पुढे सरकतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. म्हणून कुटात काटकसर करणाऱ्यांनी ती बटाट्यात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोबत वाटीभर दही घ्या.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीत देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आला, म्हणजे एकादशी करणाऱ्या घरांत हा पाहुणा असणारच. आजी सकाळपासून नुसत्या चहावर असते, शुगरची गोळी मात्र न चुकता घेते, दुपारी घाम फुटतो, हात थरथरतात, आणि सगळे म्हणतात उपवास लागला. तो उपवास नाही, शुगर खाली गेलेली असू शकते, लगेच साखरपाणी द्या. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं. आजी ऐकणार नाही, तरी विचारायचं.

(पडद्यावर: ताटात भगर, वर दाण्याची आमटी)

संध्याकाळी भगर. हे तृणधान्य आहे, साबुदाण्यापेक्षा प्रोटीन आणि फायबर दोन्ही जास्त, राजगिऱ्याचं तर त्याहून बरं. पण भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि मग उलट्या, चक्कर, सणासुदीला गावंच्या गावं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. अन्न व औषध प्रशासन सणाच्या तोंडावर सूचना काढतं, ती आपण फॉरवर्ड करतो आणि विसरतो. तर भगर बंद पाकिटातली घ्या, तारीख बघा, निवडून धुवून घ्या, पीठ लागेल तेवढंच दळा. आणि मागच्या चातुर्मासातली डब्याच्या तळाशी उरलेली असेल, तिला जरा कुबट वास येत असेल, तर ती भाजून घेतली की चालेल वगैरे काही नाही, सरळ टाकून द्या.